होमोसिस्टीन वाढलं म्हणून फॉलिक ॲसिड? आधी बी-१२ बघा

देवगडच्या एका ताईंनी विचारलं आहे: आई ६१ वर्षांची, मधुमेहाला १४ वर्षं झाली, मेटफॉर्मिन चालू आहे. १८ वर्षांपूर्वी माळ घातली, तेव्हापासून मासे-अंडी बंद. वर्षभर पायांना मुंग्या येतात, ‘शुगरमुळे असेल’ म्हणून सोडून दिलं. आता तपासण्यांच्या पॅकेजमध्ये होमोसिस्टीन ४६ आलं आणि खाली ‘हृदयविकाराचा धोका’ असं छापलेलं. मेडिकल स्टोअरमधून फॉलिक ॲसिडच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या आणून आई रोज एक घेते आहे. ताईंच्या लग्नाला दोन वर्षं झाली, यंदा मूल व्हावं असा विचार आहे. ‘याच गोळ्या मीही घेतल्या तर चालेल का?’

ताई, दोन्ही प्रश्नांत गोळी एकच दिसत असली तरी उत्तरं अगदी वेगळी आहेत. तुम्हाला फॉलिक ॲसिड हवंच आहे, आणि तुम्ही समजताय त्याच्या खूप आधीपासून. आईंना मात्र बी-१२ची तपासणी न करता नुसतं फॉलिक ॲसिड देत राहणं धोक्याचं आहे. आधी आईंचं बघू, कारण ते थांबण्यासारखं नाही.

होमोसिस्टीन बाहेरून शरीरात येत नाही. मासे, दूध, डाळी यांतल्या प्रथिनांमधून मिथिओनिन नावाचं अमिनो आम्ल मिळतं. या मिथिओनिनजवळ एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचं छोटं गाठोडं असतं, त्याला मिथाइल म्हणतात. शरीरात जागोजागी हे गाठोडं लागतं: जनुकांवर खुणा करायला, नसांचं आवरण नीट ठेवायला, मेंदूतली रसायनं तयार करायला. मिथिओनिन ते देऊन टाकतं आणि मागे उरतं ते होमोसिस्टीन. त्याला पुढे दोन वाटा. एक म्हणजे बी-६च्या मदतीनं सिस्टीन होऊन निघून जायचं. दुसरी म्हणजे नवं गाठोडं घेऊन पुन्हा मिथिओनिन व्हायचं. हे नवं गाठोडं आणून देतं फोलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) आणि ते उतरवून घेतं बी-१२.

खाडीवरची तर, म्हणजे माल वाहणारी होडी, डोळ्यांसमोर आणा. फोलेट ही तर, मिथाइल हा माल आणि धक्क्यावर माल उतरवणारा गडी म्हणजे बी-१२. गडी नसेल तर भरलेली तर धक्क्याला तशीच लागून राहते. माल उतरत नाही, म्हणून होमोसिस्टीन साचतं. आणि तर रिकामी होत नाही, म्हणून तिची दुसरी खेपही होत नाही. ही दुसरी खेप म्हणजे नव्या पेशींसाठी डीएनए बांधायचं सामान. ते कमी पडलं की रक्ताच्या पेशी वेळेवर विभागत नाहीत, मोठ्या आणि बेडौल होतात, हिमोग्लोबिन उतरतं. रक्तात फोलेट भरपूर दिसतं आणि तरी ते कामाचं नसतं, असा हा प्रकार आहे.

आता अशा माणसाला फॉलिक ॲसिडची गोळी दिली तर काय होतं? दुसऱ्या वाटेनं नव्या रिकाम्या होड्या पाण्यात उतरतात. डीएनएचं सामान मिळायला लागतं, रक्त सुधारतं, चेहऱ्यावर तजेला येतो. सगळ्यांना वाटतं, लागू पडलं. पण धक्क्यावर गडी अजूनही नाहीच. नसांच्या आवरणाचं जे काम बी-१२शिवाय होत नाही ते तसंच पडून राहतं, आणि नसा आतल्या आत झिजत जातात. धोक्याची जी खूण रक्तात दिसली असती तीच आपण पुसून टाकलेली असते.

हे मी पुस्तकातून शिकले होते, तरी माझ्या हातून घडलं. कणकवलीजवळ प्रॅक्टिस सुरू करून जेमतेम दोन वर्षं झाली होती. सत्तरीचे एक आजोबा आले, निस्तेज, दम लागलेला, हिमोग्लोबिन सात. पेशी मोठ्या होत्या. मी लोहाबरोबर फॉलिक ॲसिड दिलं आणि बी-१२ ‘पुढच्या वेळी बघू’ म्हटलं. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन अकरावर गेलं, आजोबा खूश, मीही खूश. सहा महिन्यांनी त्यांचा मुलगा त्यांना धरून घेऊन आला. आजोबा म्हणाले, “बाय, तोंड धुतना डोळे मिटले काय तोल जाता. आणि चपल पायात आसा काय नाय, ताच कळना नाय.” चप्पल मागे पडवीत राहायची आणि ते अनवाणी खळ्यापर्यंत जायचे, त्यांना पत्ताच नसायचा. मी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवला की थरथरणारा धातूचा चिमटा, त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. काही नाही. घोट्यावर टेकवला, तिथंही काही नाही. गुडघ्याच्या हाडावर आणला तेव्हा कुठं म्हणाले, “हां, आता झिणझिणता.” बी-१२ची इंजेक्शनं दिल्यावर चालणं बरंच सुधारलं, पण रात्री काठीशिवाय ते पुन्हा कधी बाहेर पडले नाहीत. नसांचं नुकसान जितकं जुनं तितकं ते कमी भरून येतं. तेव्हापासून बी-१२ पाहिल्याशिवाय किंवा सोबत दिल्याशिवाय मी कुणालाही फॉलिक ॲसिडचा मोठा डोस लिहून देत नाही.

तुमच्या आईंच्या बाबतीत बी-१२ कमी असण्याची तीन कारणं एकत्र आली आहेत. पहिलं म्हणजे माळ. बी-१२ निसर्गात फक्त सूक्ष्मजीव तयार करतात. वनस्पती ते बनवत नाहीत, त्यामुळे भाजी, डाळ, भात, फळं कितीही चांगली खाल्ली तरी त्यांतून ते मिळत नाही. मासे, शिंपले, अंडी, मटण आणि काही प्रमाणात दूध एवढीच त्याची ठिकाणं. दुसरं म्हणजे मेटफॉर्मिन. औषध चांगलं आहे, ते मनानं बंद करू नका, पण वर्षानुवर्षं घेतलं तर आतड्यातून बी-१२ कमी शोषलं जातं. तिसरं वय. साठीनंतर जठरातलं आम्ल अनेकांत कमी होतं आणि अन्नातलं बी-१२ नीट सुटं होत नाही. त्यात ॲसिडिटीची रोजची गोळी असेल तर आणखी भर. आईंची तशी गोळी चालू आहे का, तेवढं बघा.

‘आम्ही कोकणातले, आम्हांला बी-१२ कसं कमी पडेल’ हे मी रोज ऐकते. बारमाही मासे खाणाऱ्या घरात ते बऱ्याच अंशी खरं आहे. बांगडा, तारली यांत ते चांगलं असतं आणि तिसऱ्यांत तर इतकं की वाटीभर खाल्ल्या तर अनेक दिवसांची गरज भागावी. जून-जुलैत बोटी बंद असल्या तरी सुकट-बांगड्यावर निभावतं, शिवाय यकृतात काही वर्षं पुरेल इतका साठा असतो. पण प्रत्येक घरात एक तरी माणूस या ताटाबाहेरचं असतं. माळकरी आजी, नवरा गेल्यावर मासे सोडलेली काकू, मुळातच शाकाहारी कुटुंबं. घरात रोज मासे शिजतात म्हणून त्यांनाही मिळत असतील असं आपण धरून चालतो. साठा वर्षांनुवर्षं पुरतो, म्हणून कमतरताही माळ घातल्यानंतर कित्येक वर्षांनी उमटते आणि तोवर कुणी संबंध जोडत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं ४४१ पुरुषांची पाहणी केली होती, ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले, असे तिन्ही प्रकारचे पुरुष त्यात होते. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन १५च्या वर. फोलेटची कमतरता मात्र जेमतेम ५ टक्के. पाश्चात्त्य देशांत वाढलेलं होमोसिस्टीन म्हटलं की पूर्वी आधी फोलेटकडे बोट जायचं. आपल्याकडे ते बहुतेक वेळा बी-१२कडे जायला हवं.

४६ या आकड्याबद्दल एक शंका मात्र मला आहे. साधारण ५ ते १५ मायक्रोमोल प्रतिलिटर हे नेहमीचं प्रमाण. पण नळीत काढलेल्या रक्तातल्या लाल पेशी बाहेर आल्यावरही होमोसिस्टीन सोडत राहतात. पेशी वेगळ्या न करता रक्त तसंच ठेवलं तर आकडा दर तासाला साधारण दहा टक्क्यांनी चढतो. देवगडला सकाळी सातला काढलेलं रक्त मोटारसायकलवरून कणकवलीला, तिथून दुपारच्या गाडीनं पुढे, असा प्रवास झाला असेल तर ४६ मधले काही आकडे त्या प्रवासाचे असू शकतात. रक्त काढायला येणाऱ्या मुलाला विचारा: नळी लगेच बर्फात ठेवली का, तासाभरात फिरवून प्लाझ्मा वेगळा केला का? उत्तर ‘नाही’ असेल तर त्या आकड्याची भीती थोडी कमी करा. पण पायाच्या मुंग्या काही मोटारसायकलवर आलेल्या नाहीत. म्हणून आकडा चुकीचा निघाला तरी बी-१२ तपासायचंच आहे.

तपासण्या पुढीलप्रमाणे करा. बी-१२, संपूर्ण रक्ततपासणी आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थर, क्रिएटिनिन आणि टीएसएच. शेवटच्या दोन यासाठी की मूत्रपिंड मंद झालं किंवा थायरॉइड कमी पडलं तरीही होमोसिस्टीन वाढतं, आणि १४ वर्षांच्या मधुमेहात मूत्रपिंड तसंही पाहायलाच हवं. बी-१२ हे मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली आलं तर प्रश्न मिटला. २०० ते ३००च्या मधे आलं तर लक्षणं बघून मी कमतरताच समजते. हवं तर मिथाइलमॅलोनिक ॲसिड करता येतं. ते बी-१२च्या कमतरतेत वाढतं, नुसत्या फोलेटच्या कमतरतेत वाढत नाही. पण ती तपासणी महाग आहे आणि इंजेक्शन स्वस्त. मुंग्या असताना मी त्या अहवालाची वाट पाहत बसणार नाही. मात्र बी-१२साठीचं रक्त पहिल्या इंजेक्शनच्या आधी द्या, नंतर दिलं तर आकड्याला काही अर्थ राहत नाही.

हिमोग्लोबिन ठीक आहे आणि पेशींचा आकारही नेहमीचा आहे म्हणून कुणी ‘बी-१२ बरोबरच असणार’ म्हणालं तर मानू नका. रक्त अगदी नीट असताना नसा बिघडलेल्या मी पाहिल्या आहेत. शिवाय लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या, आणि दोन्ही कमी असलं की सरासरी छान नेहमीची येते. आईंच्या बोटांच्या सांध्यांवरची कातडी गेल्या काही वर्षांत काळवंडली आहे का, जीभ गुळगुळीत आणि लाल झाली आहे का, हे दिवसाच्या उजेडात बघा. मधुमेहानंही पाय बधिर होतात हे खरं, पण म्हणून दुसरं कारण शोधायचंच नाही असं नाही.

कमतरता निघाली तर १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं, सुरुवातीला दिवसाआड आणि मग अंतर वाढवत, तुमच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पुढे रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळीही बहुतेकांना पुरते. इतक्या मोठ्या डोसचा शंभरावा भाग आपसूक आत शिरतो, आणि रोजची गरज तर फक्त दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. मेटफॉर्मिन चालू आहे आणि माळही आहे, म्हणजे ही गोळी कायमची. बी-१२ सुरू झाल्यावर फॉलिक ॲसिड थोडे दिवस सोबत चाललं तर हरकत नाही. आठ-दहा आठवड्यांनी होमोसिस्टीन पुन्हा करा, यावेळी बर्फातल्या नळीत.

आता त्या ‘हृदयविकाराचा धोका’बद्दल. या कल्पनेला भक्कम मुळं आहेत. काही मुलांना जन्मजात दोषामुळे होमोसिस्टीन शंभराच्याही वर असतं आणि त्यांच्या रक्तवाहिन्या कोवळ्या वयात म्हाताऱ्या माणसासारख्या होतात. १९६९ मध्ये अमेरिकेतले किल्मर मॅकुली यांनी अशा मुलांच्या धमन्या पाहूनच हा संबंध मांडला. नंतरच्या पाहण्यांतही होमोसिस्टीन जास्त असलेल्यांत हृदयविकार आणि पक्षाघात जास्त दिसले. मग साहजिकच वाटलं, गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरवू, झटके टळतील. २००६ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. होप-२ मध्ये साडेपाच हजार आणि नॉर्वेतल्या नॉर्विटमध्ये पावणेचार हजार रुग्ण. होमोसिस्टीन उतरलं, पण हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत. पक्षाघाताची गोष्ट थोडी वेगळी. २०१५ मध्ये चीनमधल्या २० हजारांवर रक्तदाबाच्या रुग्णांत रक्तदाबाच्या औषधासोबत ०.८ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यावर पहिला पक्षाघात साधारण पाचव्या हिश्शानं कमी झाला. पण तिथं पिठात फॉलिक ॲसिड मिसळत नाहीत आणि फोलेट कमी असलेले लोक बरेच होते. माझं मत असं झालं आहे की होमोसिस्टीन ही खूण आहे, काहीतरी कमी पडतंय हे सांगणारी. आईंच्या हृदयाची काळजी असेल तर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि रोजचं चालणं यांतच ती घ्यायची.

पॅकेजवाले आता एमटीएचएफआर जनुकाची तपासणीही सुचवतील. हे जनुक फोलेटची तर भरणाऱ्या विकराचं आहे, आणि त्यात बदल असेल तर काम थोडं मंद चालतं. पण अहवाल काहीही आला तरी तुमचा-आईंचा उपचार बदलत नाही. ते पैसे वाचवा.

आता तुमच्याकडे वळते. बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू जिच्यातून घडतो ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते. २८ दिवस म्हणजे तुमची पाळी चुकून दोन आठवडे. तोवर पुष्कळ जणींनी तपासणीही केलेली नसते. नाव नोंदवायला आशाताईंबरोबर आरोग्य केंद्रात जाईपर्यंत आठ-दहा आठवडे झालेले असतात आणि ती नळी केव्हाच बंद झालेली किंवा उघडी राहिलेली असते. म्हणून ही गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून पोटात जायला हवी. किमान एक महिना आधी, तीन महिने असतील तर उत्तम. १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची चाचणी प्रसिद्ध झाली. आधीच्या बाळात हा दोष असलेल्या स्त्रियांना ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं, तर पुन्हा तो दोष होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. वैद्यकशास्त्रात एका स्वस्त गोळीनं इतकं साधल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

पण ४-५ मिलिग्रॅमचा डोस सगळ्यांसाठी नाही. आधीच्या बाळात दोष, स्वतःला मधुमेह, फिट्सची औषधं, अशा जणींसाठी तो डॉक्टर ठरवतात. तुम्हाला रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरेत, म्हणजे आईंच्या गोळीच्या साडेबारा हिश्श्यांतला एक. बाजारात ५ मिलिग्रॅमची गोळी सहज हाताला लागते म्हणून तीच घेतली जाते. मेडिकलमध्ये ‘४०० मायक्रोग्रॅम’ असं स्पष्ट सांगून मागा, पहिल्या तीन महिन्यांसाठी सरकारी केंद्रातही हाच डोस देतात. चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी सुरू होते, तिच्यात ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतंच.

माझ्याकडच्या कितीतरी सुनांचे नवरे मुंबईला असतात. गणपतीला आठ-दहा दिवस, शिमग्याला चार दिवस, मे महिन्यात जमलं तर. त्यांना मी सांगते, चाकरमानी गणपतीला येणार असेल तर तुझी गोळी आषाढ लागतानाच सुरू कर. पाळी चुकायची वाट बघू नकोस. तुमचंही तसंच असेल तर हेच गणित धरा.

आणि गोळी सुरू करताना तुमचंही बी-१२ एकदा बघा. आईंच्या घरी माळ होती, लहानपणी किती मासे खाल्लेत, सासरी काय खाता, तुम्हालाच ठाऊक. याज्ञिकांच्याच गटानं पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. ज्या आयांचं फोलेट चांगलं पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचा कल सर्वांत जास्त दिसला. आईच्या पोटातल्या असमतोलाची नोंद मुलाच्या शरीरात राहते, असं हे दिसतंय. फॉलिक ॲसिड टाळायचं असा याचा अर्थ नाही. दोन्ही नीट असू देत, एवढंच.

जेवणातलं फोलेट आपल्याकडे मुबलक आहे, फक्त ते पाण्याबरोबर वाहून जातं. १९६१ मध्ये व्हिक्टर हर्बर्ट या अमेरिकन डॉक्टरांनी स्वतःवर प्रयोग केला. प्रत्येक पदार्थ तीनदा उकळून पाणी फेकायचं आणि तेवढंच खायचं. साडेचार महिन्यांत त्यांना रक्तक्षय झाला. आपण भारंगी किंवा टाकळा उकडून, पिळून घेतो तेव्हा थोडं तेच करत असतो. भारंगी कडू असते, तिला इलाज नाही. पण माठ, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला यांचं पाणी फेकायचं काही कारण नाही, झाकण ठेवून वाफेवर पाच मिनिटांत भाजी होते. चवळी शिजवली तर शंभर ग्रॅममध्ये २०० मायक्रोग्रॅमच्या आसपास फोलेट असतं, मुगात १६० च्या आसपास. कुळथाची पिठी, वालाचं बिरडं हेही चांगलं. तरी दिवस राहण्याआधीची ती ४०० मायक्रोग्रॅमची गोळी जेवणावर सोडू नका.

शेवटी आईंचा एक प्रश्न, जो तुम्ही लिहिला नाहीत पण माळकरी आज्या मला विचारतातच: ह्या इंजेक्शनात मांस-मासे काही आसत? नाही. बी-१२ कारखान्यात जिवाणूंना वाढवून, आंबवण्याच्या पद्धतीनं काढतात. प्राण्यापासून ते घेतलेलं नसतं. कॅप्सूलचं वेष्टण मात्र पुष्कळदा जिलेटिनचं असतं, म्हणून कॅप्सूलऐवजी साधी गोळी किंवा इंजेक्शन मागा. माळ काढायची गरज नाही, मासे खायचीही नाही. दोन वेळा दूध आणि ताक घेत असतील तर घेऊ देत, पण तेवढ्यावर त्यांची झीज भरून येणार नाही. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला न्या, आणि फॉलिक ॲसिडची ती पट्टी बी-१२चा अहवाल येईपर्यंत बाजूला ठेवा.